आधी टेस्ट लिहा, मग लायब्ररी उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कर्जाच्या हप्त्यांच्या तारखा काढून देणारा तयार कंपोनंट, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेली आणि आपल्या प्रोग्राममध्ये बसवायची लायब्ररी, हवा आहे आणि तीन पर्याय हाताशी आहेत. टीममधल्या एकाने वैशिष्ट्यांचा तुलनात्मक तक्ता केलाय. दुसरा म्हणतो, स्वीकृती चाचण्या म्हणजे अ‍ॅक्सेप्टन्स टेस्ट लिहू आणि त्यांच्या जोरावर निवड करू. तिसऱ्याचा आक्षेप असा की कोड आपला नाही, ज्यांनी लिहिला त्यांनी शेकड्यांनी टेस्ट आधीच लिहून ठेवल्या आहेत, मग आपण तेच दळण पुन्हा का दळायचं? आणि दळायचंच तर किती टेस्ट लिहायच्या, केव्हा लिहायच्या, निकाल वाचायचा कसा?

माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. पण तिसऱ्याचा आक्षेप झटकून टाकू नका, त्यात अर्धं तथ्य आहे. लायब्ररीच्या लेखकांनी लिहिलेल्या टेस्ट पुन्हा लिहिणं हा खरोखरच वेळेचा चुराडा. बेरीज बरोबर होते का, लीप वर्ष कळतं का, हे त्यांनी तपासलेलं असतं. लेखकाची टेस्ट विचारते, ‘मी ठरवलं तसं हे चालतं का?’ तुमच्या टेस्टने विचारायचं असतं, ‘आम्हाला हवं तसं हे चालतं का?’ या दोन प्रश्नांची उत्तरं बऱ्याचदा जुळतात, आणि जिथे जुळत नाहीत तिथेच पुढचे सहा महिने जातात.

तुमचंच उदाहरण घेऊ. कर्ज ३१ जानेवारीला सुरू झालं, हप्ता दर महिन्याला. दुसरा हप्ता कधी? जावाच्या नव्या तारीख-एपीआयला ३१ जानेवारी २०२३ मध्ये एक महिना मिळवायला सांगा, उत्तर येतं २८ फेब्रुवारी. जावास्क्रिप्टच्या डेट ऑब्जेक्टमध्ये महिना एकने पुढे ढकला, ३ मार्च मिळतो, कारण ‘३१ फेब्रुवारी’चे जादा तीन दिवस पुढच्या महिन्यात सांडतात. पायथनच्या डेटयूटिल या लायब्ररीत ‘दर महिन्याला पुनरावृत्ती’ असा नियम दिला तर ती फेब्रुवारी गाळून थेट ३१ मार्चला जाते. त्याच डेटयूटिलमध्ये पुनरावृत्तीचा नियम न वापरता नुसता एक महिना मिळवला, तर पुन्हा २८ फेब्रुवारी. म्हणजे एकाच लायब्ररीत दोन उत्तरं!

यातला एकही बग नाही. प्रत्येक वर्तन ठरवून केलेलं आहे आणि कागदपत्रांत लिहिलेलं आहे. कॅलेंडरच्या देवाणघेवाणीचं जे मानक आहे, आरएफसी ५५४५, त्यातच म्हटलंय की अस्तित्वात नसलेली तारीख गाळायची. ती मागे किंवा पुढे सरकवायची सोय पुढे २०१५ मध्ये आरएफसी ७५२९ ने जोडली. आता तुमच्या तक्त्याकडे बघा. ‘मासिक पुनरावृत्ती’ या ओळीत तिन्ही रकान्यांत बरोबरची खूण असणार. ती खूण खरी आहे, पण निवडीसाठी बिनकामाची.

म्हणून माझा पहिला आग्रह, आणि यावर मी हटून बसतो: टेस्ट लिहून होईपर्यंत एकाही पर्यायाची कागदपत्रं उघडू नका. लोकांना हे उलटं वाटतं. आधी काय काय उपलब्ध आहे ते बघावं, मग काय मागायचं ते ठरवावं, असा सर्वांचाच कल असतो. पण एकदा का एखाद्या लायब्ररीचं गोजिरवाणं उदाहरण वाचलं की तुमची गरज तिच्याच भाषेत बोलायला लागते. मग टेस्टही तीच पास होईल अशा लिहिल्या जातात, कुणाच्या मनात काळंबेरं नसताना. मी स्वतः हे केलंय. एका कामात मी आवडलेल्या लायब्ररीची कागदपत्रं वाचून मग ‘निःपक्षपाती’ टेस्ट लिहिल्या होत्या. ती लायब्ररी अर्थातच पहिली आली, आणि तिला जे जमत नव्हतं त्याबद्दल माझ्या यादीत एक अक्षर नव्हतं.

टेस्ट कोणत्या भाषेत लिहायच्या? सुरुवातीला साध्या वाक्यांत. तुमच्या बाबतीत अशा:

सुरुवात ३१ जानेवारी २०२३, दर महिन्याला, चार हप्ते. तारखा: ३१ जानेवारी, २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल.

तीच सुरुवात २०२४ मध्ये. तारखा: ३१ जानेवारी, २९ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल.

सुरुवात ३० फेब्रुवारी. तारीख नको, एरर हवी.

पहिल्या टेस्टमधली तिसरी तारीख मुद्दाम घातली आहे. ३१ जानेवारीत एक महिना मिळवून २८ फेब्रुवारी आली, आणि तिच्यात पुन्हा एक महिना मिळवला तर २८ मार्च येते. मूळ तारखेत एकदम दोन महिने मिळवले तर ३१ मार्च. म्हणजे मागच्या हप्त्यावरून पुढचा काढणारा कंपोनंट एकदा २८ वर घसरला की तिथेच राहतो, पुन्हा ३१ वर चढत नाही. दोनच हप्त्यांची टेस्ट लिहिली असती तर हा फरक दिसलाच नसता.

या टेस्ट एकट्या डेव्हलपरने लिहायच्या नाहीत. ज्याला त्या तारखांचं उत्तर द्यावं लागतं, म्हणजे हिशेब बघणारी किंवा ग्राहकांचे फोन घेणारी व्यक्ती, तिला शेजारी बसवा आणि फक्त इनपुट दाखवा. अपेक्षित उत्तर तिच्याकडून घ्या. अशाच एका कामात मी दोन अनुभवी माणसांसमोर शेवटच्या तारखेचा प्रश्न ठेवला. एकजण म्हणाला ‘महिन्याचा शेवटचा दिवस’, दुसरी म्हणाली ‘पुढच्या महिन्याची एक तारीख’. दोघं कित्येक वर्षं एकाच विभागात काम करत होती आणि दोघांनाही वाटत होतं की यात विचारण्यासारखं काय आहे. त्या दिवशी आम्ही लायब्ररी निवडली नाही. तरीही त्या निवड-प्रक्रियेतला सर्वांत कामाचा दिवस तोच होता. नियम ठरला, आणि तो ठरल्यावर पाचपैकी दोन पर्याय आपोआप गळले.

सुट्टीचा प्रश्नही असाच निघतो. हप्त्याची तारीख रविवारी आली तर? ‘पुढच्या कामाच्या दिवशी’ असं सगळे म्हणतात. मग ३० जून २०२४ समोर ठेवा. तो रविवार होता. पुढचा दिवस १ जुलै, म्हणजे महिना बदलला, कदाचित तिमाहीही बदलली. वित्तव्यवहारात यावर एक रूढ संकेत आहे, त्याला ‘मॉडिफाइड फॉलोइंग’ म्हणतात: पुढे सरकवा, पण महिना ओलांडत असेल तर मागे या. तुम्हाला तो हवा आहे का, आणि कंपोनंटला तो येतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत दुसरा विचारण्यात अर्थ नाही. शिवाय सुट्ट्यांची यादी कंपोनंटच्या पोटात आहे की तुम्ही बाहेरून देऊ शकता, हेही टेस्टनेच विचारा. पोटात असेल तर ती दर वर्षी कोण बदलणार?

आता चालवायचं कसं. तुमच्या कोडला काय हवं तेवढंच सांगणारा एक छोटा इंटरफेस लिहा. इथे बहुधा एकच फंक्शन पुरेल: सुरुवात, अंतर, हप्त्यांची संख्या आणि सुट्ट्या द्यायच्या, तारखांची यादी घ्यायची. प्रत्येक पर्यायासाठी या इंटरफेसमागे बसणारा, त्या पर्यायाला जोडून घेणारा एक अ‍ॅडॉप्टर लिहा. टेस्टचा संच एकच, तोच तिन्ही अ‍ॅडॉप्टरवर चालवा. पर्यायागणिक टेस्ट बदलायची वेळ आली तर समजा की तुलना तिथेच संपली.

अ‍ॅडॉप्टर लिहितानाच बरंच काही कळतं, म्हणून हे काम नवख्यावर सोपवून मोकळे होऊ नका. एका पर्यायाचा अ‍ॅडॉप्टर वीस ओळींत होतो, दुसऱ्याचा दोनशे ओळींवर जातो. तो दोनशे ओळींचा अ‍ॅडॉप्टर सगळ्या टेस्ट पास करत असेल, पण मग पास कोण झालं? महिनाअखेरीचं गणित अ‍ॅडॉप्टरमध्ये तुम्हीच केलं असेल तर तो कंपोनंट तुम्ही विकत किंवा फुकट घेतलेला नाही, स्वतः लिहिला आहे आणि वर एका डिपेंडन्सीचं, म्हणजे बाहेरच्या कोडवर अवलंबून राहण्याचं, ओझं घेतलंय. निकालाच्या तक्त्यात मी टेस्टच्या आकड्याशेजारी अ‍ॅडॉप्टरच्या ओळी आणि त्याला लागलेले तास नेहमी लिहितो. अनेकदा निवड तिथेच होते.

‘हा कंपोनंट जगभर हजारो ठिकाणी वापरला जातो, त्याला आणखी काय तपासायचं?’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच. त्याला माझ्याकडे एकच उत्तर असतं: एरियन ५.

४ जून १९९६ रोजी या युरोपीय रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं आणि उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे चाळीस सेकंदांत ते नष्ट झालं. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतलं सॉफ्टवेअर एरियन ४ वरून जसंच्या तसं घेतलेलं होतं. ते कच्चं नव्हतं. एरियन ४ वर ते व्यवस्थित चालत होतं. आडव्या वेगाशी निगडित एक संख्या ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंटमधून १६ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात घातली जात होती. तिथे ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. एरियन ४ च्या उड्डाणमार्गावर ती संख्या तेवढी मोठी होणं शक्यच नव्हतं, म्हणून त्या रूपांतराला संरक्षण ठेवलं नव्हतं. एरियन ५ चा मार्ग वेगळा, सुरुवातीचा आडवा वेग बराच जास्त. संख्या मावली नाही, यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणा तर त्याआधीच, एका सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ आधी, त्याच कारणाने बंद पडली होती, कारण तिच्यात तेच सॉफ्टवेअर होतं. मुख्य संगणकाने मग बिघाडाची माहिती हीच उड्डाणाची माहिती समजून इंजिनांच्या तोट्या वळवल्या. आणि ज्या हिशेबात ही चूक झाली, त्याची एरियन ५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती. जुन्या रॉकेटसाठी असलेली ती सोय तशीच चालू ठेवली होती.

चौकशी अहवालात जे नोंदलं आहे ते आपल्या कामाचं आहे: एरियन ५ च्या प्रत्यक्ष उड्डाणमार्गाचे आकडे या यंत्रणेच्या गरजपत्रकात नव्हते, आणि ते आकडे देऊन ती यंत्रणा तपासलीही गेली नव्हती. स्वीकृती चाचणी म्हणजे नेमकी तीच न झालेली तपासणी. जुन्या घरी सिद्ध झालेली वस्तू नव्या घरच्या आकड्यांवर चालवून बघणं.

म्हणून टेस्टमध्ये आकडे घालताना ते तुमच्या प्रत्यक्ष कामातून उचला. सर्वांत जुनं कर्ज कोणत्या सालचं? सर्वांत लांब मुदत किती? तीस वर्षांची मुदत आज सुरू झाली तर ती १९ जानेवारी २०३८ ओलांडते. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात मोजणारी प्रणाली त्या दिवशी संपते. कंपोनंट त्यातला नसेल, पण त्याच्या खाली असलेला एखादा थर असू शकतो, आणि टेस्टला थर दिसत नाहीत, फक्त चुकीची तारीख दिसते. तिचा फायदा तोच. प्रत्यक्ष डेटा घेताना लोकांची नावं, खाते क्रमांक वगैरे आधी पुसून टाका, हे सांगायला नको.

तारखांपुरतंच बोलतोय असं वाटू नये म्हणून एक वेगळं उदाहरण. पीडीएफ बनवणारी लायब्ररी निवडायची असेल तर तक्त्यात ‘युनिकोड’ या ओळीला सगळेच होकार देतात. मग तिला ‘कि’ छापायला सांगा. युनिकोडमध्ये आधी ‘क’ साठवतात आणि नंतर पहिली वेलांटी, पण छापताना वेलांटी आधी काढावी लागते. अक्षरांची अशी मांडणी करणारं इंजिन, उदाहरणार्थ हार्फबझ, लायब्ररीत नसेल तर वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं हलन्तांसह सुटी पडतात. ‘युनिकोड चालतं’ हे तिचं म्हणणं खोटं नसतं. वर्ण आहेत, फक्त वाचता येत नाहीत. याच्या पुढची टेस्ट शोधाची: ‘ऱ’ एका कोडबिंदूनेही (युनिकोडमधल्या एका क्रमांकानेही) लिहिता येतो आणि ‘र’ला नुक्ता, म्हणजे खालचा ठिपका, जोडूनही. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन्ही पद्धतींनी लिहून शोधा आणि दोन्ही वेळा तोच दस्तऐवज मिळतो का ते बघा. माझ्या अनुभवात ही एक टेस्ट शोध-कंपोनंटांच्या निम्म्या जाहिरातीची हवा काढते.

टेस्ट किती? मी दहा ते तीसच्या दरम्यान राहतो. त्याहून जास्त लिहायला लागलात की नकळत लेखकांचीच टेस्ट लिहायला लागता. सरळसोट टेस्ट दोन-तीन पुरेत. त्या सगळेच पास होतात आणि त्यांचा उपयोग एवढाच की अ‍ॅडॉप्टर नीट बसलाय हे कळतं. बाकी सगळा भर कडांवर, म्हणजे महिनाअखेरीसारख्या टोकाच्या इनपुटांवर, आणि बिघाडावर द्या.

बिघाडावर जरा थांबतो, कारण तिथे सगळे घाई करतात. चुकीचं इनपुट दिल्यावर कंपोनंट काय करतो? एरर देतो, रिकामी यादी देतो, की मुकाट्याने काहीतरी शहाणपणा करतो? शेवटचा प्रकार सर्वांत घातक. जावाचा तारखा वाचणारा जुना सिम्पलडेटफॉरमॅट मूळ सेटिंगवर ३० फेब्रुवारी हसतमुखाने स्वीकारतो आणि मार्चची तारीख परत देतो. शिवाय तो एकाच वेळी अनेक थ्रेडमधून, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामांमधून, वापरायला सुरक्षित नाही. एका थ्रेडवर शंभर टेस्ट पास होतील आणि प्रत्यक्ष वापरात अधूनमधून कुणाच्या तरी तारखा दुसऱ्याच्या नावावर जातील. म्हणून एक टेस्ट अशी ठेवा जी त्याच इनपुटांचा मारा अनेक थ्रेडमधून एकदम करते आणि प्रत्येक उत्तर ताडून बघते. ती कधीकधीच फेल होईल. कधीकधी फेल म्हणजे फेलच.

वेग आणि मेमरी यांच्याही टेस्ट हव्यात, पण आकडा तुमचा असू द्या. ‘जलद असावा’ ही टेस्ट नव्हे. ‘रात्रीच्या प्रक्रियेत दोन लाख खात्यांच्या तारखा वीस मिनिटांत, आमच्या सर्व्हरवर’ ही टेस्ट. लायब्ररीच्या पानावरचे बेंचमार्क तिच्या लेखकाच्या यंत्रावर, त्याच्या आवडीच्या इनपुटवर घेतलेले असतात. आणि हो, इन्स्टॉल होणं हीसुद्धा एक टेस्ट आहे. कोऱ्या यंत्रावर, तुमच्या फायरवॉलच्या आत, तुमच्या भाषेच्या त्याच व्हर्जनवर. एकदा आम्ही आठवडाभर एक पर्याय तपासला आणि शेवटी कळलं की तो पहिल्यांदा सुरू होताना इंटरनेटवरून एक फाइल उतरवतो. आमच्या सर्व्हरवरून बाहेर जायला मुभाच नव्हती. तेव्हापासून ही टेस्ट सर्वांत आधी.

निकाल वाचण्याबद्दल. टक्केवारी काढू नका. ‘अ’ २८ पैकी २६, ‘ब’ २८ पैकी २३, म्हणून ‘अ’ घ्या, हे गणित दिसायला शास्त्रीय आणि आतून पोकळ आहे. ‘अ’च्या दोन फेल टेस्टमधली एक महिनाअखेरीची असेल तर तो बाद. ‘ब’च्या पाचही फेल टेस्ट तारखेच्या छापील रूपाबद्दल असतील आणि अ‍ॅडॉप्टरच्या तीन ओळींत मिटत असतील तर तो चालेल. म्हणून चालवण्याआधीच प्रत्येक टेस्टवर शिक्का मारून ठेवा: हिच्याशिवाय नाहीच, की तडजोड चालेल. आधीच का? निकाल दिसल्यावर आवडत्या पर्यायाची प्रत्येक चूक ‘तडजोड चालेल’ वाटायला लागते.

फेल झालेली प्रत्येक टेस्ट तीनपैकी एक गोष्ट सांगते. कंपोनंट तुमच्या कामाचा नाही. किंवा तो थोडक्या खटपटीने बसवता येईल. किंवा तुमची मागणीच चुकली आहे. तिसरी शक्यता गांभीर्याने घ्या. तिन्ही पर्याय एकाच टेस्टवर, एकाच पद्धतीने फेल होत असतील तर त्या विषयात मुरलेल्या तीन वेगळ्या टीमनी तुमच्यापेक्षा वेगळा निर्णय का घेतला असेल, ते शोधा. कधी त्यांचं कारण तुमच्या नियमापेक्षा शहाणं निघतं आणि नियमच बदलणं स्वस्त पडतं. कधी नाही. पण शोधल्याशिवाय कळत नाही.

कंपोनंट चालवून बघून निवडायचा, ही कल्पना काही आजची नाही. पॉडगुर्स्की आणि पिअर्स यांनी १९९३ मध्येच मांडलं होतं की संग्रहातला पुनर्वापरयोग्य कोड नावाने किंवा वर्णनाने शोधण्याऐवजी नमुन्याची इनपुटं देऊन, त्याच्या वर्तनावरून शोधावा. पुढे टेस्टनाच शोधाची चावी बनवण्याचेही प्रयोग झाले. हाताशी तीन-चार पर्याय असताना एवढ्या यंत्रसामग्रीची गरज नसते, पण मूळ विचार तोच.

आता टेस्टना जे कळत नाही ते. लायसन्स कळत नाही. ते सर्वांत आधी वाचा, कारण तिथे अडलं तर बाकी श्रम फुकट. कंपोनंट कोण सांभाळतं, ते उद्या असतील का, हेही कळत नाही. २०१६ च्या मार्चमध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या कोठारावरून लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि त्यावर अवलंबून असलेले जगभरचे बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याच्या प्रक्रिया) कोसळले. ते पॅकेज कुठल्याही स्वीकृती चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवून पास झालं असतं. २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात, ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत, मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरण्यासाठी पेरलेला कोड, सापडलं. दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावलेल्या सहकाऱ्याच्या खात्यातून ते आलं होतं. फाइल दाबणं आणि उघडणं, दोन्ही बिनतक्रार चालू होतं. गंमत बघा, ते उघडकीला आलं ते एका डेव्हलपरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला म्हणून. वेगाच्या टेस्टची थट्टा करणाऱ्यांना मी हे सांगतो, पण प्रामाणिकपणे, टेस्टच्या भरवशावर सुरक्षेचा निर्णय घेऊ नका. तो वेगळा पाहणी-विषय आहे.

निवड झाली की टेस्ट फेकून देतात, हे मला कधीच कळलेलं नाही. त्यांचं खरं आयुष्य तिथे सुरू होतं. तो संच तुमच्या बिल्डमध्ये कायमचा बसवा आणि कंपोनंटचं नवं व्हर्जन आलं की आधी तोच चालवा. व्हर्जनच्या आकड्यावर विसंबू नका. त्याच्या तीन आकड्यांपैकी मधला वाढला म्हणजे जुनं काही मोडलेलं नाही, असा संकेत आहे, पण ‘मोडणं’ म्हणजे काय हे लेखक ठरवतो. जावाच्या जेडीके २० मध्ये तारीख-वेळेची स्थानिक माहिती नव्या सीएलडीआरवर (कोणत्या भाषेत तारीख-वेळ कशी लिहायची याच्या सामायिक संग्रहावर) गेली आणि इंग्रजी वेळेत ‘एएम-पीएम’च्या आधीची साधी मोकळी जागा बदलून एक अरुंद, न तुटणारी मोकळी जागा आली. छापलेली वेळ दिसायला जवळपास तीच. पण तो मजकूर पुन्हा वाचणारा, साधी जागा धरून चालणारा कोड पटापट पडला. ज्यांच्याकडे ‘वेळ छापा आणि परत वाचा’ अशी एक टेस्ट होती त्यांना हे अपग्रेडच्या दिवशी कळलं. बाकीच्यांना ग्राहकांनी कळवलं.

टाइमझोनच्या बाबतीत तर अपग्रेड न करणंही चालत नाही. त्यांचा जागतिक डेटाबेस वर्षातून अनेकदा बदलतो, कारण सरकारं घड्याळं बदलतात. सामोआने २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली तेव्हा तिथे ३० डिसेंबर हा दिवस उगवलाच नाही. माझ्या तारखांच्या संचात ही टेस्ट नेहमी असते. तिचा प्रत्यक्ष उपयोग क्वचित होतो, पण कंपोनंट हा डेटाबेस स्वतःच्या पोटात बाळगतो की खालच्या प्रणालीकडून घेतो, ही चर्चा तिच्यामुळे हमखास निघते.

एवढा खटाटोप प्रत्येक वेळी करायचा का? नाही. जो कंपोनंट एका दुपारी बदलून दुसरा घालता येईल, त्यासाठी पाच टेस्ट आणि एक तास पुरे. ज्याचे डेटा प्रकार तुमच्या सगळ्या कोडमध्ये पसरणार आहेत किंवा ज्याच्या चुकीमुळे पैशाचा हिशेब बिघडणार आहे, तिथे आठवडा घाला. तुमचा प्रश्न दुसऱ्या वर्गातला आहे. पहिले दोन दिवस नियम ठरवून टेस्ट लिहिण्यात जातील, दोन दिवस तीन अ‍ॅडॉप्टरमध्ये, एक दिवस निकालांवर वाद घालण्यात.

तिन्हींपैकी एक पर्याय विकाऊ असेल आणि कोड बघायला मिळणार नसेल, तरी यातलं काहीच बदलत नाही. उलट काम सोपं होतं. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकाला जाण्याऐवजी त्यालाच तुमचा टेस्टसंच पाठवा, अपेक्षित उत्तरांसकट, आणि म्हणा की हे तुमच्याकडे चालवून निकाल कळवा. मग चाचणी-लायसन्स मागून तोच संच स्वतःच्या यंत्रावर चालवा आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवा. करारात ‘उत्पादन दर्जेदार असेल’ या वाक्याच्या जागी हा संच जोडपत्र म्हणून लावता येतो: स्वीकृती म्हणजे या टेस्ट पास होणं, आणि पुढच्या प्रत्येक व्हर्जनलाही हीच अट. काही विक्रेते याला नकार देतात. महिनाअखेरीची टेस्ट आधी दाखवा, नकाराचं कारण बऱ्याचदा तिथेच सापडतं.